चौथी मेणबत्ती

आर्वी, रविवार, ९ डिसेंबर १९७९

आज नाताळाआधीच्या आगमनकाळातला दुसरा रविवार. पितळेच्या ताटात चार मेणबत्त्या, दर रविवारी एक जास्त लावायची. चौथी लागली की नाताळ दारात. ही रीत मला सासूबाईंनीच शिकवली. महिना झाला, त्या खाटेवर आहेत. पेजही दोन घोटांपुढे जात नाही. चौथी त्यांच्या नजरेस पडेल ना? सकाळपासून हेच डोक्यात.

संध्याकाळी प्रार्थना करून दोन लावल्या अन् पेज आणायला आत गेले. येऊन पाहते तो चारही जळताहेत! शेजारच्या शांताबाई सासूबाईंना भेटायला आल्या होत्या. म्हणाल्या, "दोनच काऊन लावल्या वो? मेणबत्तीतही काटकसर करता का बाई? म्या देल्या लावून सगळ्या."

राग आला. मग वाटलं, देवानेच तर लावून घेतल्या नसतील, सासूबाईंना आजच दिसाव्यात म्हणून? चौथीकडे बघवेना. फुंकर मारायचाही धीर होईना.

तेवढ्यात सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, "दोन इझव त्यातल्या. आजच सगळ्या लावल्या, तं मी वाट कायची पाहू?"

शांताबाई ओशाळल्या. तर त्यांनाच म्हणतात, "चौथी तूच लावजो, शांते. नाताळाच्या आधीच्या रविवारी येजो. मी हाय ना इथंच."

दोन विझवल्या. चौथीची वात आताच काळी झाली आहे. पेज आज वाटीभर गेली.