फुलझाडांची सक्ती नाही

मी, बेबाबाई अभिमन महाजन, वय वर्षे शहात्तर, राहणार धरणगाव, जिल्हा जळगाव, आज हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. डावा पाय ओढत चालते, पण पायाने कुणी लिहीत नाही. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. २०१९ साली केलेलं मृत्युपत्र मी रद्द करते. ते रागात लिहिलं होतं, आणि त्यातलं एक वाक्य मला आता वाचवत नाही.

१. घर. धरणगावातलं जुनं घर, पत्र्याचं, सागाच्या खांबांचं, वाटणीत माझ्या यजमानांकडे आलेलं, पुढच्या-मागच्या अंगणासह. हे मुलगा स्वप्नील (राहणार नाशिक) आणि मुलगी दिपमाला (राहणार भुसावळ) यांना निम्मं-निम्मं द्यावं. दिपमालाने लग्नात हक्कसोडपत्र लिहून दिलं होतं म्हणून तिला काही नको, असं कुणी म्हणू नये. एकोणीस वर्षांच्या पोरीकडून सही घेतली होती, आणि मी शेजारी गप्प बसले होते.

२. बँकेतली शिल्लक आणि माझी पोत दिपमालाला. बांगड्या सुनेला. भांडी ज्याला लागतील त्याने न्यावीत.

३. बाग. लोक बाग म्हणतात, मी म्हणत नाही. यजमान जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. जिथे बदली व्हायची तिथून येताना ते एक रोप आणायचे. दोंडाईच्याहून शेवंती, शिरपूरहून अबोली, साक्रीहून दोन रंगांची गुलबक्षी. फुलांची आवड त्यांना नव्हती. "हे खाता येतं का?" असं विचारायचे आणि रोप माझ्या हातात द्यायचे. ओळ, वाफा असलं काही नाही. जिथे जागा होती तिथे खुपसलं. मोगऱ्यात तेरडा उगवला, कर्दळीत झेंडू, आणि मधुमालती न्हाणीघराच्या पत्र्यावर चढली.

ते गेल्यालाही बावीस वर्षं झाली. तेव्हापासून सगळं पाणी मी एकटीने घातलं. नळाला आठवड्यातून एकदा पाणी. भांडी धुतलेलं, आंघोळीचं, तांदूळ धुतलेलं, सगळं झाडांना. खांदे झिजले. म्हणून मुलांना स्पष्ट सांगते, ही झाडं जगवलीच पाहिजेत अशी अट मी घालत नाही. स्वप्नील, तू म्हणाला होतास, "आई, पेव्हर ब्लॉक टाकून देतो, तुला त्रास नको." तेव्हा मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. कलम पाचची मुदत संपली की टाक. खरंच टाक. मी दमले आहे, तुम्ही दमू नका.

४. खुरपं, झारी, कात्री आणि कुदळ ज्ञानेश्वरला द्यावी. तो बाजारात रोपं विकतो. कुदळीचा दांडा हलतो, त्याला सांगावं.

५. विहीर आणि भिकुबाई. हे कलम लांब आहे.

भिकुबाई माझ्या थोरल्या जाऊबाई, सगळे त्यांना अक्का म्हणतात. मध्ये छातीएवढी भिंत आहे. पलीकडच्या अर्ध्या घरात त्या राहतात. विहीर त्यांच्या बाजूला, पण वाटणीपत्रात निम्मा हक्क माझा. २०१६ च्या उन्हाळ्यात विहिरीने तळ गाठला. मी दोन हंडे पाणी शेवंतीला घातलं, आणि दुसऱ्या दिवशी थोरल्या दिरांनी, छगनआबांनी, मोटारीच्या खोलीला कुलूप लावलं. गावभर मी हेच सांगत आले. आज पुढचंही लिहिते. त्यांच्या म्हशी तहानेने ओरडत होत्या. मलाही ऐकू येत होतं.

मी भिंतीशी जाऊन भांडले. भिकुबाई म्हणाल्या, "बेबा, जनावर आधी, फूल मग." त्यावर मी म्हणाले, "ज्यांच्या अंगणात लेकरू खेळलं नाही, त्यांना फूल काय कळणार?"

भिकुबाईंना मूल नाही. स्वप्नीलला कांजिण्या झाल्या तेव्हा अकरा दिवस त्याच बसल्या होत्या त्याच्याजवळ.

त्या आत निघून गेल्या. पुढे आठ वर्षं आम्ही बोललो नाही. आबा वारले तेव्हाही मी उंबऱ्यावरून परत आले. जुन्या मृत्युपत्रात मी लिहिलं होतं, भिकुबाईने माझ्या मयतालाही या अंगणात पाय ठेवू नये.

गेल्या दिवाळीच्या आधी, सकाळी, शेवंतीला पाणी घालताना माझा डावा पाय गेला आणि मी पडले. हाक मारता येईना, जीभ जड झाली होती. ऊन चढत गेलं. किती वेळ गेला ते माहीत नाही. मग भिंतीवरून काहीतरी धपकन पडलं. त्या भिकुबाई होत्या. फाटकाला आतून कडी होती, म्हणून एकोणऐंशी वर्षांची बाई स्टूल लावून भिंत चढून आली होती. गुडघा फुटला होता. माझं डोकं मांडीवर घेऊन म्हणाल्या, "डोया उघाड, बेबा. मी शे आठे." आठे म्हणजे इथे.

मी बावीस दिवस जळगावला दवाखान्यात होते. परत आले तर एकही झाड वाळलेलं नव्हतं. शेजारच्या सलीमाने सांगितलं, "अक्का रोज दोन वेळा पाणी टाकायच्या. आम्ही करतो म्हटलं तर ऐकेनात."

म्हणून: भिकुबाई हयात असेपर्यंत घर विकू नये, अंगण फोडू नये, फाटकाला कुलूप लावू नये. त्यांनी हवं तेव्हा यावं, बसावं, फुलं तोडावीत. पाणी घालण्याची सक्ती त्यांनाही नाही. माझ्या अंत्यविधीत शेवटचं पाणी आधी त्यांनी पाजावं, मग मुलांनी.

६. त्या २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या रमजानभाईंनी तीन महिने त्यांच्या बोअरची नळी माझ्या अंगणात सोडली होती. त्यांना मागच्या खोलीतली आंबे ठेवायची शिसवी पेटी द्यायची होती. ते म्हणाले, "भाभी, माझ्या नावावर काही लिहू नका. घेणाऱ्याने साक्षीदार होऊ नये म्हणतात. मला सही करायची आहे." म्हणून लिहीत नाही.

७. मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात. पण कलम पाच तोपर्यंत ठेवणं मला भित्रेपणाचं वाटलं. आज सकाळी भिकुबाईंच्या ओट्यावर बसून मी ते त्यांना वाचून दाखवलं. लेकराचं वाक्य वाचलं, मयताचंही.

त्या पदराचं टोक मुडपत बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "माले बठ्ठं याद शे."

मी म्हटलं, "मलाही सगळं आठवतं, अक्का."

माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. मी विचारलंही नाही. थोड्या वेळाने गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "लिखं ना आते? मग बंद कर तो कागद. मी च्या ठेवस."

चहा पिऊन आले आणि ही सही करते.

ठिकाण: धरणगाव
दिनांक: ९ मार्च २०२५
सही: बेबाबाई अभिमन महाजन

बेबाबाईंनी आम्हा दोघांसमोर, समजून-उमजून सही केली आणि आम्ही त्यांच्यासमोर केली.
साक्षीदार १: रमजान अतिक पिंजारी, शेजारी
साक्षीदार २: प्रेमराज पुना चौधरी, निवृत्त पोस्टमन