सातव्या डावात कोणी उठायचं नाही

केर्नी मिल्स, ओहायो
२ जून १९५८

चि. ओंद्रेय यास आजीचे अनेक आशीर्वाद.

बोलते आहे मी, लिहिते आहे शेजारची व्हेरोना. ती माझ्या शिव्या गाळते, तेव्हा पत्र सभ्य वाटलं तर दोष तिचा.

तू बेसबॉल क्लबच्या कचेरीत खुर्ची उबवतोस, म्हणून तुलाच विचारते. रूडी सोबोटाला विकलात? आपल्या गल्लीतलं पोर ते. त्याच्या हातून चेंडू निसटला तर आम्ही वाऱ्याला बोल लावायचो. आणि बदल्यात आणलात कोण, तर उभ्या उभ्या धाप लागणारा. तुमच्या मालकाला भट्टीवर नेमला असता तर त्याने पोलादाचं दही लावलं असतं.

चर्चच्या तळघरात बटाट्याचं सारण भरून पिरोही वळताना आम्ही बायकांनी ठरवलंय. सातव्या डावात सगळं मैदान उठून आळोखेपिळोखे देतं, गाणं म्हणतं. या रविवारी कोणी उठायचं नाही. कळू दे मालकाला.

जेवत जा. माझा लोभ आहेच, तू तो सांभाळ.
तुझी आजी


५ जून

ती. आजीस सा. न. वि. वि.

हात जोडतो, बसून राहू नका. मालकाला क्लब कॅलिफोर्नियाला हलवायचाय. बाकीच्या क्लबांच्या मालकांनी मंजुरी द्यावी म्हणून, गावाला आता प्रेम उरलं नाही असं त्याला दाखवायचंय. लोक चिडून यायचे थांबावेत म्हणूनच रूडीला विकला. तुमचा बेत त्याच्या कानी गेला तेव्हा तो खूश झाला. रविवारी ढिम्म बसलेलं गाव टिपायला फोटोवाला बोलावलाय.

हे फुटलं तर माझी नोकरी जाईल. पत्र चुलीत घाल. व्हेरोनामावशीला नमस्कार, आणि तोंड शिवून घ्यायला सांग.

कृपा असू दे, राग माझ्यावर काढू नकोस.
तुझा ओंद्रेय


९ जून

चि. ओंद्रेय यास आशीर्वाद, जरा जास्तच.

पत्र जाळलं. व्हेरोनाने कोणाला सांगितलं नाही. म्हणजे फक्त बायकांना.

काल सातव्या डावात उठलो ते शेवटचा गडी बाद होईपर्यंत बसलोच नाही. सारखा रूडीच्या नावाचा गजर. आज गुडघे माझ्याशी बोलत नाहीत. फोटोवाल्याने कॅमेरा पिशवीत घातला आणि सॉसेज खात बसला.

मग मालक स्वतः खाली आला. ओंद्रेयची आजी कोणती म्हणून विचारत माझ्यापर्यंत पोचला. नातवाचं पत्रबित्र आलं होतं का, असं अगदी गोड आवाजात विचारलंन. मी म्हटलं, साहेब, मला अक्षरओळख नाही, मला कोण कशाला पत्र लिहील. बिचाऱ्याला पटलं.

क्लब राहतो की जातो ते सगळ्या क्लबांच्या मालकांच्या बैठकीत ठरेल. तोवर खुर्ची सोडू नकोस, आणि आत काय शिजतंय ते दर आठवड्याला कळवत जा.

लोभ ठेव, कान उघडे ठेव.
तुझी अडाणी आजी