ओट्यावरचं विद्यापीठ

प्रिय स्नेहल,

सप्रेम जयभीम. आम्ही दोघं ठीक आहोत. थंडी सुरू झाल्यापासून तुझ्या आईचा गुडघा कुरकुर करतो, पण शेजारी वच्छलाबाईकडे जायचं असलं की तो आपोआप बरा होतो. पारोळ्याच्या मार्केटात मक्याची आवक इतकी आहे की आम्हा मापाड्यांना वजनकाट्यापासून हलायला मिळत नाही. घरी येतो तेव्हा भुवयांवरही पिवळा भुसा बसलेला असतो. तुझ्या मामाच्या प्रशीलला जळगावच्या एका दवाखान्यात काम लागलं, मामा पेढे घेऊन आला होता. तुझ्या वाटणीचे दोन डब्यात ठेवलेत. ते तू येईपर्यंत टिकणार नाहीत हे आईला माहीत आहे, तरी ठेवलेत.

आता मुद्द्याचं. दिवाळीआधी तू फोनवर विचारलंस, मी 'वाचून सांगतो' म्हणालो आणि गप्प बसलो. प्रकाशकाला महिनाअखेर उत्तर द्यायचं आहे, हे माझ्या लक्षात आहे. कादंबरीवर 'स्नेहल भिकन बैसाणे' असं पूर्ण नाव घालावं की टोपणनाव घ्यावं, असं तू विचारलं होतंस. आणि मग हळूच म्हणालीस की तुम्हाला पटलं नाही तर मी छापणारच नाही. 'वर्षावासात विहारात ग्रंथ वाचणारे माझे बाबा, आणि त्यांच्या मुलीच्या पुस्तकात मंत्र, सावल्या नि मेलेला ग्रंथपाल. लोक काय म्हणतील?' हे बोलताना तू हसलीस, पण हसणं अर्ध्यात थांबलं. तेव्हाच मी ठरवलं की याचं उत्तर चालता चालता द्यायचं नाही.

या प्रकाराला जगभर काय नाव आहे तेही तू सांगितलं होतंस. डार्क अकॅडेमिया. मी ते काट्यावर उभा राहून मनात म्हणून पाहिलं. जुनं दगडी विद्यापीठ, उंच कपाटं, वाचू नयेत अशी पुस्तकं, आणि एकमेकांत व अभ्यासात नको तितकी गुंतलेली मुलं, असं काहीसं तू म्हणालीस. मला प्रश्न पडला, अशा जागी राहायला कोणाला आवडेल? मी पाहिलेलं मोठं कॉलेज म्हणजे तुझं जळगावचं. ट्यूबलाइट, सायकल स्टँड आणि कँटीनमधला तो तिखट रस्सा. तिथे कसलं गूढ? पण तू पुण्याहून पाठवलेला कादंबरीचा गठ्ठा कुरिअरच्या दुकानातून आणला आणि वाचायला बसलो.

तुला माहीत आहे, मला मनातल्या मनात वाचता येत नाही. आमच्या गावच्या शाळेत गुरुजी सगळ्यांना मोठ्यानेच वाचायला लावत. गप्प बसून वाचलं की डोळे पुढे जातात आणि अर्थ मागे राहतो. म्हणून मार्केटहून आलो की हातपाय धुवायचे, त्रिशरण-पंचशील म्हणायचं आणि ओट्यावर बसून तुझी पानं वाचायची. आई समोर तांदूळ निवडत बसायची. आश्विन पौर्णिमेला वर्षावासाबरोबर विहारातलं ग्रंथवाचन संपलं होतं, पण माझ्या आवाजाला ते वळण लागलेलं आहे. चाल तीच, ठिकठिकाणी थांबणं तेच. गठ्ठ्याला धूळ लागू नये म्हणून आईने तो पांढऱ्या कापडात बांधला होता. त्याने पुढचा सगळा घोळ झाला.

पहिल्या दिवशी वच्छलाबाई आली, बाहेर पाय धुतले, हात जोडले आणि भिंतीला टेकून बसली. मला वाटलं, आईकडे आली असेल. दुसऱ्या दिवशी भागाबाई आणि आणखी चौघी पांढरी लुगडी नेसून आल्या. एकीने कापडावर झेंडूचं फूल ठेवलं. मी वाचत राहिलो. ग्रंथपाल मेल्यावरही रोज कुलूप उघडायला येतो, तो भाग चालू होता. प्रकरण संपलं, मी पान खाली ठेवलं, तशा साऱ्या जणी एका सुरात तीनदा 'साधु' म्हणाल्या.

स्नेहल, मला कुठे पाहावं कळेना. पुण्याहून नवा ग्रंथ आलाय आणि भिकनभाऊंनी पौर्णिमेनंतरही वाचन चालू ठेवलंय, असं त्यांच्यात ठरून गेलं होतं. मी फूल उचलून बाजूला ठेवलं आणि सांगितलं की हा ग्रंथ नाही, रचलेली गोष्ट आहे, आपल्या स्नेहलने लिहिलेली. यात काहीही खरं नाही. मग वच्छलाबाई म्हणाली, "खोटी ते खोटी. पन ती पोर जिन्यावर उभी शे ना? वर चढनी का नई, ते सांग."

झालं. दुसऱ्या दिवसापासून पांढरी लुगडी गेली आणि शेंगा, वाती, निवडायची मेथी आली. बायका मात्र वाढल्या.

तुझीच गोष्ट तुला सांगतो, कारण मला ती कशी कळली हे तुला कळायला हवं. सातपुड्यातलं ते विद्यापीठ. तिथल्या ग्रंथालयात पुस्तक घ्यायचं तर त्याच्या बदल्यात आपली एक आठवण देऊन टाकायची. ती कायमची गेली. मेदिनी तिच्या गावातून शिकायला बाहेर पडलेली पहिलीच मुलगी, तिला सगळं वाचायचंय. आधी ती क्षुल्लक आठवणी देते, बोरांची चव, शेळीचं नाव. मग द्यायला क्षुल्लक काही उरत नाही. आणि तो ओजस, मोठ्या घरचा, गोड बोलणारा. तो स्वतःचं काहीच देत नाही, मेदिनीच्या आठवणी चोरून त्यांच्यावर आपली पुस्तकं घेतो. तिला ते कळतं, तरी ती गप्प राहते. तिथे तिच्याशी बोलणारा तो एकटाच आहे.

यावर ओट्यावर जे काही झालं ते तुझ्या प्रकाशकाने पाहायला हवं होतं. भागाबाईने शेंगांचं सूप बाजूला सारलं. "बठ्ठं इसरी जाई ते शिकीसन काय करनं?" सगळंच विसरायचं तर शिकून करायचं काय, हा तिचा सवाल. वच्छलाबाई म्हणाली की माहेर विसरायला पुस्तकं कशाला लागतात, सासर पुरे. सगळ्या हसल्या, पण ओजसला कोणी माफ केलं नाही. एकीने तर त्याच्यात आपला दीर ओळखला. त्यांना कुलपाची, मंत्रांची भीती वाटतच नव्हती. जादू आली की त्या ऐकून घेत, जशी आपण प्रवासात घाटातली वळणं सोसतो. त्यांचा जीव अडकला होता तो मेदिनी आता ओजसला काय म्हणेल यात. तेव्हा मला थोडंफार उमगलं की असल्या पुस्तकांचं लोकांना वेड का लागतं. अंधार नि दगडी जिने हे नुसतं घर झालं. त्यात राहणारी माणसं आपल्या ओळखीची निघाली की ते घर कुठल्या देशातलं आहे हे कोणी विचारत नाही.

आणखी एक गोष्ट माझ्यापुरती. तुझे आजोबा जीवराम शाळेच्या ओसरीत बसून शिकले, आत वर्गात काय लिहिलंय ते दारातून बघत. बंद दार आणि पलीकडे पुस्तकं, हे शहरातल्या वाचकाला अद्भुत वाटत असेल. आजोबा त्याबद्दल कधी रागाने बोलले नाहीत. उलट म्हणायचे की आतल्या फळ्यावर जे असायचं ते बाहेरून फार सुंदर दिसायचं. तुझी मेदिनी किल्लीच्या भोकाला डोळा लावते ते पान मी वाचलं तेव्हा मला तेच आठवलं. मी ते पान पुन्हा वाचलं. बायकांनी हरकत घेतली नाही.

हरकत घेतली झुलालनानांनी. विहार समितीचे सचिव ते, त्यांच्या कानावर जाणारच होतं. मार्केटात भर काट्यावर येऊन म्हणाले की मंत्र, भुतं, करणी हे सगळं आपल्या बापजाद्यांनी घराबाहेर फेकलं, आणि तुझी शिकलेली मुलगी ते पुस्तकात भरून परत आणते. शिवाय चौथं शील आहे, असत्य बोलू नये. मी वाद घातला नाही, कारण हाच प्रश्न मलाही पडलेला होता. तू ज्याला घाबरत होतीस तो हाच ना? नाना वाईट माणूस नाहीत. पोरांना वह्या वाटायच्या तर पहिले तेच खिशात हात घालतात.

त्या रविवारी सकाळी मी विहारात एकटाच बराच वेळ बसलो. शांत बसल्यावर मला असं वाटलं की जो माणूस आधीच सांगतो 'ही गोष्ट आहे', तो खोटं बोलत नाही. आणि तुझ्या पुस्तकात कोणी जादूपुढे हात जोडत नाही, नवस करत नाही. जो तो तिची किंमत मोजतो आणि रडतो. तृष्णा म्हणजे काय ते मी इतकी वर्षं वाचून दाखवत आलो. ज्ञानाचीही तृष्णा असते आणि तीही माणसाला पोखरते, हे मात्र मला मेदिनीकडे बघून समजलं. मी उठलो तेव्हा मन हलकं होतं.

नाना दोष काढायला म्हणून ऐकायला आले. ओट्यावर न बसता समोरच्या निंबाखाली खाटेवर बसले, तोंड रस्त्याकडे. दुसऱ्या दिवशी खाट थोडी जवळ आली. ओजस मेदिनीची शेवटची मोठी आठवण मागतो त्या दिवशी मी पान खाली ठेवलं, तर खाटेवरून आवाज आला, "भिकन, त्या ओजसना कानखाले एक कोणी काबरं देत नई?"

दुसऱ्या संध्याकाळी त्यांनी विहाराची सतरंजी पाठवून दिली. निरोप असा की ओट्याची फरशी गार असते, बाया आजारी पडतील. वाचन विहारात करा असं ते म्हणाले नाहीत आणि मीही विचारलं नाही. विहार ग्रंथासाठी आहे. पण सतरंजी आली.

आता तुझ्या आईचं सांगतो. ती इतके दिवस ऐकत होती, कोणाच्या बाजूने काही बोलली नव्हती. मेदिनी आईचा आवाज देऊन टाकते, ते प्रकरण. वसतिगृहाच्या खोलीत ती एकटी बसते, सगळ्या मुली खाली जेवायला गेल्यात, आणि ती घरी सांगायचं वाक्य मनात तयार करते, 'माझं सगळं छान चाललंय.' मी ते वाचलं आणि आईचे हात तांदळात थांबले. बायका गेल्यावर ती म्हणाली, "हाई आपलीच पोर शे."

पुण्याला गेल्यावर तू रोज रात्री फोनवर म्हणायचीस, जेवले, अभ्यास चांगला आहे, मैत्रिणी चांगल्या आहेत. आम्हीही ऐकून निवांत झोपत होतो. त्याचं ओझं तू घेऊ नकोस, आम्हीही घेतलेलं नाही. आई त्या दिवशी थोडी रडली, मग म्हणाली की सांगता आलं नाही ते पोरीने लिहिलं तरी, हे बरं झालं. आणि भाकरी टाकायला उठली. मला तर उलट बरं वाटलं. तुझी ती वर्षं आम्हाला आता मिळाली, उशिरा का होईना, आणि शेजारणींना घेऊन ऐकता आली.

काल शेवटचं प्रकरण झालं. मेदिनी ग्रंथालयाची किल्ली नाकारून गावी येते आणि वेशीवर उभी राहते, पण तिला कुठलं घर आपलं ते आठवत नाही. तिथेच तू संपवलंस. भागाबाई चिडली, तिला मेदिनी घरात जाऊन पाणी प्यायलेली हवी होती. वच्छलाबाई म्हणाली, कोणीतरी हाक मारेलच की, गावात काय माणसं नाहीत? शेवट बदलू नकोस. आणि नाव पूर्ण घाल. स्नेहल भिकन बैसाणे. टोपणनावाने छापलंस तर इथे कोणाचा विश्वास बसणार नाही की ती आपलीच स्नेहल, आणि झुलालनानांना प्रत मागायची पंचाईत होईल.

एवढं तर मी फोनवरही सांगू शकलो असतो. 'हो, छाप,' म्हटलं असतं की झालं. पण रोज मोठ्याने वाचताना एक बारीक गोष्ट माझ्या जिभेला लागली, जी तुला वाटलं असेल कोणाच्या लक्षात येणार नाही. दर शनिवारी विद्यापीठाच्या खिडकीत टपाल वाटतात. सगळ्यांना काही ना काही येतं. तू त्यावर कुठेच काही बोलत नाहीस, फक्त जवळजवळ प्रत्येक प्रकरणात एक ओळ येते, 'मेदिनीचं काही नव्हतं.' नंतर नंतर ती ओळ आली की ओट्यावर सगळ्या बायकांचे हात थांबायचे. आपण रोज बोलतो म्हणून तुला पत्र लिहावं असं मला आजवर सुचलंच नव्हतं. आज मार्केटहून येताना पारोळ्याच्या पोस्टातून पाकीट घेतलं. उद्या सकाळी टाकतो. वसतिगृहाच्या ऑफिसात कधी टपाल पाहायला जात नसशील, तर या आठवड्यात एकदा जा. तुझं आहे.

सदैव तुझाच,
बाबा