गॅरेजमधला शनिवारचा बाजार

तीर्थरूप आईस, दुरूनच पाया पडतो.

माझं बरं चाललंय. जिथे शेतकऱ्यांचा शनिवारचा बाजार भरायचा, त्या मैदानात आता मॉल होतोय. म्हणून मी त्या सगळ्यांना माझ्या गॅरेजच्या आवारात बसवलं.

जागामालक म्हणाला, "बाजार उठव, नाहीतर तूही ऊठ."

मी म्हटलं, "काका, आधी ही काकडी तर खाऊन बघा." खाल्ली, पण बधला नाही.

मीही बधणार नाही. फार तर पाने-पकडी उचलून दुसरीकडे जाईन. मागे तापाने पडलो, तेव्हा बाजारात दिसलो नाही म्हणून अंडीवाली आजी घर शोधत आली होती. इथे मला शोधणारं दुसरं कोण आहे? उद्या शनिवार, फाटक मीच उघडणार.

तू हल्ली भाजी घरपोच मागवतेस म्हणे. गुडघा दुखला तरी हळूहळू बाजारात जात जा. एखाद्या दिवशी दिसली नाहीस, तर कुणीतरी दार वाजवेल.

तुझा हट्टी
धाकटा