स्वच्छ आलेला फिल्टर

१२ जाने., सोम.
सोसायटीने लिफ्टमधला आरसा काढला. फलकावर कारण: ‘सभासद आरशात वेळ घालवतात.’ पाचव्या मजल्यावरून खाली यायला लागतो तेवढाच वेळ घालवतात. लिफ्ट थांबवून कोणी भांग पाडत नाही. पन्नाशीच्या बाईला स्वतःबद्दल खरं सांगणारी नाशिक रोडमधली एकमेव वस्तू होती ती. मानवी संस्कृतीचा एक टप्पा संपला, असं सेक्रेटरींना लेखी कळवणार आहे.

परिणाम लगेच दिसला. रेवती कॉलरची एक बाजू आत दुमडलेली ठेवून मुलाखतीला गेली, तशीच परत आली. कोणी सांगितलं नाही. म्हणजे कोणी नीट पाहिलंही नसणार.

काय विचारलं म्हटलं. ‘कॅन्टीन आणि टॉयलेटचं बघाल का, असं.’

माझ्या बहिणीची मुलगी. एम.एस्सी., इंडस्ट्रियल हायजीन. कारखान्यातली धूळ, धूर, आवाज मोजायचे आणि माणूस आजारी पडायच्या आधी सांगायचं. वर्षभर नातेवाइकांना हे समजावून सांगतेय. ते शांतपणे ऐकून घेतात आणि म्हणतात, ‘म्हणजे नगरपालिकेत का?’

१४ जाने., बुध. संक्रांत.
सटाण्याहून भाऊजी आले. सोबत तिळगूळ, कांदे आणि मुलीची काळजी. कांद्याचे व्यापारी असल्यामुळे माल किती दिवस ठेवावा याचं गणित पक्कं. आल्या आल्या रे.ला अहिराणीत, ‘हाई कसानी डिग्री शे?’ मग माझ्याकडे वळून शुद्ध भाषेत, ‘सुधा, बी.एड. केलं असतं तर आतापर्यंत...’ वाक्य तिथेच सोडलं. बी.एड. झालेला पुतण्या आठवला असावा.

निकाल असा: होळीपर्यंत नोकरी लागली आणि टिकली तर ठीक. नाहीतर सटाण्याला परत. एक स्थळ आहे, मुलाचं औषधांचं दुकान.

ते गेल्यावर रे.ने पोळ्या लाटता लाटता तिच्या बॅचचं काय झालं ते सांगितलं. एक आखातात. एक विमा विकतो. दोघी लग्न करून घरी. पहिली आलेली मुलगी त्याच कॉलेजात तोच कोर्स शिकवते. म्हणजे या पदवीचा खात्रीचा उपयोग एकच, ती पुढच्याच्या गळ्यात घालणे. माहितीपत्रकात मात्र ‘उज्ज्वल संधी’ अजून आहे, हेल्मेट घातलेल्या हसऱ्या मुलीसकट.

२० जाने., मंगळ.
लागली. एका खासगी लॅबमध्ये. कारखान्यांना हवा तपासून रिपोर्ट फाइलला लावावा लागतो, तो ही लॅब देते. पगार विचारायला नको होता. विचारला.

‘सर म्हणाले, सुरुवातीचे रिपोर्ट नीट गेले की कायम करतो.’
‘नीट म्हणजे?’
‘नीट म्हणजे नीट, मावशी.’

भाऊजींना फोन. ‘बरं’ म्हणाले. भाव पडल्यावरही असंच ‘बरं’ म्हणतात.

२८ जाने., बुध.
पहिलं स्वतंत्र काम. अंबड एमआयडीसीतली एक फाउंड्री. ओतलेले लोखंडी भाग घासून साफ करतात, तो विभाग. कामगाराच्या कमरेला छोटा पंप, तिथून नळी, नळीच्या टोकाला कॉलरपाशी फिल्टर. तो ज्या हवेत श्वास घेतो तीच फिल्टरमधून ओढली जाते. संध्याकाळी फिल्टरवरच्या धुळीचं वजन करायचं.

पंप लावला किसन भोयेला. पेठकडचा. बायको-मुलं तिकडे नागलीच्या शेतावर, हा इथे खोलीत. रे. म्हणते हसतो खूप, खोकतो त्याहून जास्त.

घरी आली तेव्हा भुवया पांढऱ्या. मला क्षणभर तिची आजी दिसली. न्हाणीत पाणी राखाडी. ‘मी तर नुसती दाराशी उभी होते,’ म्हणाली.

३० जाने., शुक्र.
फिल्टर स्वच्छ आला. जवळजवळ कोरा. लॅबचे सर खूश, फाउंड्रीवाले त्याहून. पेढे आले. मी दोन खाल्ले. रे.ने हात लावला नाही.
‘पंप बंद पडला असेल.’
‘चालू होता. दोनदा तपासला. मावशी, माझ्या केसांतून याच्यापेक्षा जास्त निघाली.’

२ फेब्रु., सोम.
कळलं.

रे. स्वतः जाऊन किसनला भेटली. त्याने अभिमानाने सांगितलं. ही दाराकडे वळल्यावर त्याने फिल्टरवर दुधाची रिकामी पिशवी, धुऊन घेतलेली, सैलसर चढवली आणि रबर लावलं. ती तपासायला यायच्या आत काढायचा, ती वळली की पुन्हा चढवायचा. वर फडक्याने पुसून दिलं.

‘ताई, तुमीच म्हनल्या ना, लय महाग हाय, जपा. इथं धूळ बघा केवढी. खराब झालं असतं तर तुमच्या पगारातून कापलं असतं.’

नळी वाकवू नका, काढून ठेवू नका, पाणी लागू देऊ नका, हे सगळं हिने सांगितलं होतं. धूळ आत गेली पाहिजे, एवढंच राहिलं. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात ते कोणाला सांगावं लागेल असं कोणी धरलेलं नाही.

मी हसले. पेपरातल्या माझ्या शनिवारच्या सदराला आयता विषय, मथळासुद्धा सुचला. मग विचारलं, त्याच्या स्वतःच्या तोंडाला काय होतं?
‘काही नाही. रुमाल होता, त्याने घाम पुसत होता.’
मथळा खोडला.

४ फेब्रु., बुध.
सरांना सांगितलं तिने. सर म्हणजे गोड माणूस, आवाज चढवत नाही. ‘मॅडम, पंप चालला ना? फिल्टरचं वजन केलंत ना? मग यात खोटं काय?’ पुन्हा मोजायचं तर क्लायंट तयार होणार नाही. सही तिची लागते. शुक्रवारपर्यंत. ‘तुमच्याच कॉलेजचे अर्ज ड्रॉवरमध्ये पडून आहेत, माहितीये ना?’

रे.चं म्हणणं सरळ आहे. हा कागद फाइलला लागला की तिथली हवा स्वच्छ ठरली. मग धूळ ओढणारी यंत्रणा नको, मास्क नको, किसनच्या छातीचा एक्स-रे नको. तो खोकतो ते बिडीमुळे, असं म्हणायला सगळे मोकळे. पितो का विचारलं. पीत नाही.

‘मावशी, काय करू?’
दर शनिवारी अख्ख्या नाशिकला अक्कल शिकवणारी मी. म्हटलं, ‘तुला काय वाटतं?’ याला उत्तर म्हणत नाहीत.

६ फेब्रु., शुक्र.
सही केली नाही. त्याऐवजी लिहून दिलं: नमुना ग्राह्य नाही, पुन्हा घ्यावा. कारण लिहिलं, किसनचं नाव घातलं नाही.

सरांनी काढलंही नाही, ठेवलंही नाही. ‘सोमवारी पंप घेऊन एकदा जाऊन या, मग तुमचं काय ते बघू.’

भाऊजींना यातलं काही कळवलेलं नाही. त्यांच्याकडून औषधवाल्याचा फोटो आला. चेहरा चांगला आहे, तीच तर पंचाईत.

९ फेब्रु., सोम.
संध्याकाळी तिला आणायला अंबडला गेले. तिची स्कूटर सकाळीच पंक्चर. फाटकाबाहेर उभी असताना मेसेज: ‘आज फरशी धुतलीय. अर्धी मशिनं बंद. किसनभाऊंना पॅकिंगला पाठवलंय. पंप सुपरवायझरला लावा म्हणतात. मी लावलेला नाही. मांडीवर घेऊन बसलेय.’
लिहिलं, ‘सर काय म्हणाले?’
‘फोन उचलत नाहीत.’

फाटकासमोर चहाची टपरी. बाई पन्नाशीच्या, माझ्याच वयाच्या, हात माझ्यापेक्षा जलद. चहा देताना म्हणाल्या, ‘त्या पंपवाल्या ताई तुमच्या का? चेहरा तुमच्यावर गेलाय.’ हो म्हटलं.

‘त्यांच्याकडून पैसे घेत नाय मी. किसनभाऊनं सांगून ठिवलंय, ताईचा चहा माझ्या नावावर टाका. म्हने, माझ्या येडेपनापायी पोरीची नोकरी चालली.’
‘त्यांना सांगा, तसं नाही.’
‘म्या सांगून काय ऐकतो? मघा आलता. खोकत बसला जरा नि गेला.’

म्हटलं, त्यांच्या नावावर जेवढं आहे तेवढं सगळं माझ्याकडून घ्या. बाईंनी मनातल्या मनात जोडून सांगितलं. सदराच्या एका लेखाच्या मानधनाएवढेही नव्हते. दिले. त्यांना सांगू नका म्हटलं. ‘नाय सांगत,’ म्हणाल्या, आणि माझा चहा त्यात धरला नव्हता म्हणून त्याचे पैसे वेगळे मागितले.

दुसरी पाळी आत गेली. पहिली बाहेर आली, पांढऱ्या भुवयांची. रे. अजून आतच.