अकरा झाडं आणि माझं एक वाक्य

२ एप्रिल, गुरुवार

सकाळी फिरून येताना पाहिलं, आमच्या गल्लीतल्या अकराच्या अकरा झाडांना महापालिकेचे कागद चिकटवलेले. करंज, कडुनिंब, पिंपळ, कोपऱ्यावरचा गुलमोहर, एकही सुटलेलं नाही. गुलमोहराखाली भाजी घेऊन बसणाऱ्या शांताबाईंनी हाक मारली. "बाई, काय लिवलंय वाचा की. सकाळधरनं कुनी वाचून दावंना."

मोठ्याने वाचलं. झाडं पूर्णपणे काढणार. हरकत असल्यास सात दिवसांत लेखी द्यावी. शांताबाईंचा चेहरा उतरला. मी मात्र, लाज वाटते लिहायला, त्या मसुद्यावर खूश. 'सदर वृक्ष जीर्ण व धोकादायक असून जीवित व वित्तहानीची शक्यता नाकारता येत नाही.' काय घोटीव वाक्य. असं लिहिणारं माणूस हल्ली ऑफिसात मिळत नाही, असं म्हणत जिना चढत होते. दुसऱ्या मजल्यावर पाय थांबले. वाक्य माझंच आहे.

३ एप्रिल, शुक्रवार

जुन्या फायलीत त्या अर्जाची झेरॉक्स सापडली, सह्या घेण्याआधीची. दोन वर्षांपूर्वी सोसायटीची सेक्रेटरी मी. पक्षी गाड्यांवर घाण करतात म्हणून सगळ्यांना फांद्या छाटून हव्या होत्या. आता 'पक्ष्यांची शी' असं लिहिलेला अर्ज कुठल्या टेबलावरून हलणार? एकतीस वर्षं पाटबंधाऱ्यात कारकुनी केली, शेवटी हेडक्लार्क. कागद हलायला कसं वाक्य लागतं ते मला ठाऊक. म्हणून झाडं धोकादायक केली. आणि शेवटी हाताच्या सवयीने, 'तरी आवश्यक ती कार्यवाही व्हावी, ही विनंती.' फांद्या हा शब्द अख्ख्या अर्जात एकदाच, तोही कंसात.

ह्यांना चहाच्या वेळी सांगितलं. हसून हसून चष्मा काढून ठेवावा लागला. "एकतीस वर्षांत सरकारने तुझं एवढं कधी ऐकलं नव्हतं." मला हसू येत नव्हतं. मग आलं. दोघंही बशीतला चहा सांडेपर्यंत हसलो.

बाहेर कुणाला सांगायचं नाही असं ठरलंय.

५ एप्रिल, रविवार

दामले सर दुपारी वर आले, हातात दोन थर्मामीटर आणि चपलांची दोन खोकी. सर फिजिक्सचे मास्तर होते, शनिवार पेठ सोडून धायरीत आले त्याला पंधरा वर्षं झाली तरी अजून 'गावात' जाऊन येतो म्हणतात. नोटीस त्यांनीही वाचली. "ताई, नुसतं झाडं छान असतात म्हणून कोण ऐकतं. मोजू या."

मोजायचं असं. एक थर्मामीटर आमच्या गल्लीत झाडाखाली. दुसरा पलीकडच्या गल्लीत, जिथली झाडं सिमेंटच्या रस्त्यासाठी मागेच गेली. दोन्ही सावलीतच, भोकं पाडलेल्या खोक्यात, छातीइतक्या उंचीवर, बरोबर दोन वाजता. तिकडचा उन्हात ठेवला की काम सोपं होईल, मी म्हटलं. सरांनी असं पाहिलं, जणू मी वर्गात कॉपी करताना सापडलेय.

पहिल्याच दिवशी फरक इतका आला की सरांनी आधी थर्मामीटरलाच खोटं ठरवलं. अदलाबदल करून पुन्हा मोजलं. तेवढाच.

७ एप्रिल, मंगळवार

दोन वाजता आता गल्लीत जत्रा. एरवी दारं लावून झोपणारी माणसं खोक्यात डोकावायला येतात. तळमजल्यावरची नेहा दोन दिवस हिंजवडीला जाते, बाकी घरून काम. ती मीटिंग म्यूट करून बाहेर. "काकू, this is literally data. मी शीट बनवते." बनवलीसुद्धा, रंगीत.

सर समजावत होते. झाड पानांतून पाणी सोडतं, त्याने हवा गार होते, नुसती सावली नव्हे. सिमेंट दिवसभर ऊन पितं आणि संध्याकाळभर ओकतं. मग घरोघरी एसी, त्याची गरम हवा पुन्हा गल्लीतच. आणि झाड उभं आहे तोवर कार्बन धरून बसतं, तोडून जाळलं की सगळा आकाशात. "एका गल्लीने काय होतंय, असं प्रत्येक गल्ली म्हणते," सर.

मला एकदम धरणाच्या गाळाच्या फायली आठवल्या. वरच्या डोंगरावरची झाडं गेली की माती सुटते, पावसात वाहून धरणात बसते. हे मी स्वतःच्या हाताने कितीदा टाईप केलं असेल. परिशिष्टात असायचं. परिशिष्ट टाईप करताना मी मनात भाजी काय करायची ते ठरवायचे. खडकवासल्याचं पाणी रोज नळातून पितेय आणि आज कळतंय म्हणायचं.

फार मजा आली पण. रिटायर झाल्यापासून इतकी माणसं एका दुपारी भेटली नव्हती.

९ एप्रिल, गुरुवार

हरकतीचा शेवटचा दिवस. मसुदा कोण करणार? सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. "तुमच्यासारखं लिहायला कुणाला जमतं, काकू."

बसले लिहायला. स्वतःचं एकेक वाक्य खोडून काढायचं काम. सर शेजारी, हातात नोटीस. "हे धोकादायक वगैरे ज्याने लिहिलंय तो मूर्ख असणार."

"भाषा चांगली आहे पण," मी म्हटलं.

"मूर्खांची असते कधी कधी."

महापालिकेत खिडकीवर अर्ज दिला, पोच घेतली. तिथल्या बाईंनी फाईल उघडून सांगितलं, वीस तारखेला सुनावणी. मूळ अर्जदाराने समक्ष यावं. त्यांनी अर्ज मागे घेतला तर साहेब विचार करतील. सरांनी विचारलं, मूळ अर्जदार कोण? बाई म्हणाल्या, तुमच्याच सोसायटीचे सेक्रेटरी, तेव्हाचे. मी पोच घडी करून पर्समध्ये ठेवण्यात फार वेळ घालवला. सरांना आठवलं नाही. येतानाच्या रिक्षात ते खोक्याला भोकं किती असावीत यावर बोलत होते, मी हं हं करत होते.

१४ एप्रिल, मंगळवार

जयंती. सकाळी विहारात वंदना, पांढरी साडी, खीर. दुपारची मिरवणूक आमच्या गल्लीवरून जाते, कारण अख्ख्या वाटेत सावली इथेच. दरवर्षी विहाराची पोरं पाणी ठेवतात, यंदा गल्लीने सरबताची टेबलं लावली. दामले सर शर्टाच्या बाह्या सारून लिंबं पिळत होते, "जयभीम, साखर कमी आहे, चालेल?" असं प्रत्येकाला विचारत. नेहाने दोन पिंपं वाटून संपवली. ढोल, निळे झेंडे, करंजाचा कोवळा पाला, वर कोकिळा. मी इतकी खुशीत होते की काय सांगू.

तेवढ्यात शांताबाई, सगळ्यांसमोर, "ह्या बाईंच्या लिवन्यानं वाचत्याल आपली झाडं, बघा."

मला ते ऐकवेना. पळी खाली ठेवली आणि सांगून टाकलं. धोकादायक मी लिहिलं. मूळ अर्जदार मी.

 सर लिंबू हातात धरून बघत राहिले. "म्हणजे तो मूर्ख तुम्ही."

"हो."

"भाषा चांगली आहे, हे मात्र खरं." आणि मग स्वतःच, "पहिली सही माझी आहे त्यावर. माझ्या गाडीवरच जास्त घाण व्हायची. वाचलं नव्हतं मी."

मग एकेक. नेहाच्या सासऱ्यांची सही. ह्यांची सही, ही मलाही नवी बातमी. शांताबाई म्हणाल्या, "माजा बी अंगठा हाय की त्येच्यावर. मेथीवर घान पडायची. तुमी म्हनला फांद्या, म्या म्हनलं घ्या."

अकरा झाडं तोडायला निघालेली टोळी सरबत वाटत उभी होती. हसलो, खूप हसलो, मिरवणुकीतले लोक थांबून विचारायला लागले काय झालं. रडूही आलं मला थोडं. हलकं वाटतंय.

१६ एप्रिल, गुरुवार

सोसायटीची मीटिंग. अर्ज मागे घेण्यावर सह्या. हल्लीचे अध्यक्ष सही देत नाहीत. स्पष्ट बोलले, आवडलं मला ते. "झाडं गेली तर गल्ली रुंद होते, प्रत्येकाला दारात पार्किंग मिळतं. तुम्हाला नको असेल, मला हवंय. रोज रात्री अर्धा किलोमीटर चालत येतो मी." खोटं नाही त्यांचं. गुडघे दुखतात त्यांचे. आमच्या आणि दामले सरांच्या घरांत मिळून तीन गाड्या आहेत, त्यातली एक कुणीच चालवत नाही. सरांनी ती विकायचं कबूल केलं. मोठ्या मुश्किलीने, पण केलं.

बाकी सगळ्यांच्या सह्या झाल्या. शांताबाईंचा अंगठाही. ह्या वेळी प्रत्येकाला आधी वाचून दाखवलं.

२० एप्रिल, सोमवार

सुनावणी. साहेब तरुण, चाळिशीही नसेल. विचारलं, "मॅडम, तेव्हा धोकादायक, आता निरोगी. मी कुठलं खरं धरू?"

तयारी करून गेले होते, सगळं विसरले. म्हटलं, साहेब, तेव्हा झाडांकडे न बघता लिहिलं. कागद हलावा म्हणून. नोकरीतली सवय.

साहेब थोडं हसले, मग हसले नाहीत. अध्यक्षांचंही नीट ऐकून घेतलं. सरांची वही उलटून पाहिली, खोक्यांचा फोटो पाहिला, भोकं कशाला विचारलं. सरांनी वीस मिनिटं घेतली. शेवटी साहेब म्हणाले, शुक्रवारी दोन वाजता स्वतः येतो.

२४ एप्रिल, शुक्रवार

आले. एकटेच, स्कूटरवर. आधी पलीकडच्या गल्लीत दहा मिनिटं उभे राहिले, मग आमच्या. तिकडे घाम पुसणारा रुमाल इथे खिशात ठेवला, तेवढं दिसलं. शांताबाईंनी क्रेट पुसून बसायला दिला, पाणी दिलं.

मग छोटी हातोडी घेऊन एकेक बुंधा ठोकून पाहिला. करंज चांगले. कडुनिंब उत्तम. पिंपळाला ठोकलंच नाही, नुसता हात लावला. शेवटी गुलमोहर. रिकाम्या पिंपावर मारल्यासारखा आवाज. दुसऱ्या बाजूने ठोकलं, तसाच. मुळाशी बोटं घातली तर भुसा बाहेर आला.

"ह्याचं मात्र खरं लिहिलं होतं तुम्ही."

सगळ्यांनी मान वर केली. वर तो इतका फुलायला लागलाय.

साहेबांचं म्हणणं असं. प्रत्येक झाडाचं डोळ्यांना दिसतं तसं वर्णन लिहून द्या, छापील भाषा नको, मूळ अर्जदार म्हणून सही करा. ते अहवालाला जोडतील. दहा झाडांसाठी ते शब्द टाकतील, वरचे काय करतील सांगता येत नाही. पण गुलमोहराचं झाकलंत तर बाकीच्या दहांवरही कुणी विश्वास ठेवणार नाही. खरं आहे. 

२८ एप्रिल, मंगळवार

चार दिवस स्टूल घेऊन एकेका झाडासमोर बसतेय. 'सदर' न लिहिता वाक्य सुरूच होत नव्हतं. आता होतं. तिसऱ्या करंजाच्या ढोलीत तांबट पक्ष्याचं घर आहे. कडुनिंबाची एक फांदी आमच्या गॅलरीत येते, हे त्यावर टॉवेल वाळत घालतात. तेही लिहिलं. हे म्हणाले, ते खोड. नाही खोडलं, दिसतं तसं लिहा म्हणाले ना साहेब.

एकाच गल्लीत वीस वर्षं राहून ह्या झाडांची ओळख आत्ता झाली. इतकं सुख लिहिण्यात असतं हे कुणी सांगितलंच नव्हतं.

दहा पानं झाली. गुलमोहराचं पान शेवटी ठेवलंय.

१ मे, शुक्रवार

बुद्धपौर्णिमा. पहाटे विहारात, येताना पिंपळाजवळ थोडी थांबले. सुट्टी, त्यामुळे गल्ली भरलेली.

साहेबांनी गुलमोहराखाली कुणी बसू नये असं बजावलंय. शांताबाई ऐकत नव्हत्या. आज दामले सर, नेहा, हे आणि मी, चौघांनी त्यांच्या पाट्या, तराजू, क्रेट उचलून करंजाखाली नेलं. अध्यक्षही खाली उतरले, कांद्याचं पोतं त्यांनी घेतलं. शांताबाई बसल्या, वर बघितलं. "हितं बी गार हाय की," म्हणाल्या. सगळ्यांना बरं वाटलं. सरांनी खोकं लगेच तिकडे हलवलं.

मग शांताबाईंना कागद वाचून दाखवला. गुलमोहराचं दोनदा वाचायला लावलं. 'कोपऱ्यावरचा गुलमोहर. बुंधा आतून पोकळ आहे, मुळाशी भुसा निघतो. पडू शकतो. सध्या पूर्ण फुलावर आहे. शांताबाईंनी गल्लीत पहिली पाटी मांडली ती ह्याच्या सावलीत.'

"बरोबर हाय," म्हणाल्या. "द्या."

ऑफिस आता सोमवारी उघडेल. दहांचं काय होईल कुणालाच माहीत नाही. अकरा पानं टाचून पर्समध्ये ठेवली आहेत. आयुष्यात हजारो कागदांवर न बघता सही केली. ह्या एका पानासाठी संध्याकाळपासून दोनदा पेन उघडलं, गॅलरीत जाऊन गुलमोहराकडे पाहिलं आणि परत बंद केलं. सही तेवढी राहिली आहे.