मस्कतचे शंभर फोटो

मंगळवार, ३ ऑक्टोबर २००६

दादा गेला. काल, दसऱ्याच्या दिवशीच. आईने ओवाळलं, नाक्यावरच्या पोरांनी बॅनर लावला — ‘मनोजदादांना मस्कत प्रवासाच्या हार्दिक शुभेच्छा’. बॅनरवर माझं नाव शुभेच्छुकांत शेवटून दुसरं. ‘दीपेश’मधली ‘दी’ ऱ्हस्व छापली आहे.

इथे खरं लिहायला हरकत नाही. मुलाखतीत नाव माझं लागलं होतं. मस्कतला कापडाच्या गोदामात चेकर हवा होता. इथे भिवंडीत, निजामपुऱ्यात सात वर्षं मी तेच करतो — कापडाचा ताका टेबलावरून ओढायचा, उजेडात बघायचा, दोष सापडला की काठाला लाल दोरा बांधायचा. दादा लूम चालवायचा. त्याचा कारखाना बंद पडून दोन वर्षं झाली, लग्न दोनदा ठरता ठरता मोडलं. आई म्हणाली, “त्याला जाऊ दे. तुला हितं काम तरी हाय.” दादा म्हणाला, “तुला झेपनार न्हाय रे. तू कुलूप लावून चार वेला बघून येतोस!” एजंटने नाव बदलून दिलं.

आठ दिवस दादाला शिकवलं. “आधी कडा बघ, मग मधलं. सगळे मधेच बघतात आणि तिथेच फसतात.” तो जांभया देत होता.

मी एकच अट घातली. रोज एक फोटो, शंभर दिवस. टॉवर नको, समुद्र नको, चकचकीत दुकानं नकोत. झोपतोस ती खाट, पितोस तो चहा, चपला, बादली, कुलूप. मी गेलो असतो तर मला रोज जे दिसलं असतं, ते. तेवढा माझा वाटा.

“शंभर काय, हज्जार धाडतो!” म्हणाला.

कॅमेरा मी घेऊन दिला. फोटोच्या कोपऱ्यात तारीख आणि वेळ केशरी आकड्यांत उमटते. घड्याळ मीच लावलं. बजावलं — तिकडे गेल्यावर बदलू नकोस, आपल्या वेळेने राहू दे.

बुधवार, ४ ऑक्टोबर

नंबर १ ईमेलने आला! लोखंडी खाट, वर एक खाट, शिडीला कुणाचा तरी टॉवेल. खाली एकच शब्द — मजेत.

सायबरवाला म्हणाला, “भाई का पलंग देखने को इतना टाइम लगाया?” फोटो उघडायला पंधरा मिनिटं लागली. स्टुडिओत छापून घेतला, अल्बममध्ये चिकटवला. खाली नंबर, तारीख, वेळ.

आईने हातात घेऊन बघितला. “गादी पातल हाय.”

रविवार, २२ ऑक्टोबर

नंबर १९. जिन्याची पायरी, पायरीवर ऊन. वेळ संध्याकाळी ६.३५. इथे तेव्हा दिवे लागलेले असतात. तिकडे दीड तास मागे!  त्या पायरीवर मी बसलो असतो. रुमाल अंथरून.

काल लक्ष्मीपूजन झालं. त्याच्या फराळाचा पुडा आईने तसाच ठेवला आहे.

गुरुवार, ९ नोव्हेंबर

चौदा नंबरच्या लूमने आज अख्खा ताका नासवला. तेलाचे डाग, हातभर अंतराने, तीन-तीन. असा डाग पहिल्यांदाच बघितला. काठाला दोरे बांधून बांधून बोटं लाल. बाकीचे चेकर दोऱ्याला एक गाठ मारतात, मी दोन मारतो. एक सुटली तर?

शेठ म्हणाले, “सेकंड में डाल.” सेकंडचा, म्हणजे दोषाचा माल परदेशी जात नाही. इथल्याच वळ गावच्या गोदामांत गठ्ठ्यांवर झाकायला जातो.

नंबर ३७ — स्टीलचा ग्लास.

बुधवार, १५ नोव्हेंबर

दोन दिवस फोटो नाही. काल झोप नाही. मस्कतला अपघात झाला तर आपल्याला कोण कळवणार? एजंटचा फोन बंद. आईला विचारलं तर ती भांडी घासत म्हणाली, “कामात आसल.”

संध्याकाळी तीन एकदम आले! ४१, ४२, ४३. मजेत, मजेत, मजेत.

शनिवार, १८ नोव्हेंबर

आई हौसामावशीकडे वळ गावाला गेली. मावशीचे गुडघे धरलेत. आता आठवड्यातून दोनदा जाणार म्हणते.

शुक्रवार, २४ नोव्हेंबर

नंबर ५२. खिडकी. वेळ ६.३५. बाहेर काळोख.

१९ काढून शेजारी ठेवला. वेळ तीच, तिथे ऊन. थंडीत दिवस लहान होतो हे खरं. महिन्यात एवढा?

होत असेल. भूगोलात मला नापास केलं होतं.

रविवार, ३ डिसेंबर

नंबर ६१, उशी. आई म्हणाली, “तिकडं मच्छर हायत का रं?” मी तिला समजावलं — वाळवंट आहे, पाणी साचत नाही, मच्छर कुठून येणार? ती ऐकून घेत होती.

शनिवार, १६ डिसेंबर



नंबर ७४. चहाचा कप. कप एका कापडावर ठेवलेला आहे, कापड खोक्यावर टाकलेलं. कपाच्या डाव्या बाजूला, अगदी फोटोच्या कडेला, कापडाचा काठ. काठाला लाल दोरा.

धागे मोजायचं भिंग कामावरून घरी आणलं. दोन गाठी.

कपाच्या उजवीकडे तेलाचे डाग. तीन.

तो ताका ९ नोव्हेंबरला निघाला. दादा २ ऑक्टोबरला गेला. बॅगेतून न्यायचा प्रश्नच नाही. मस्कतला सेकंडचा माल जात नाही. कुठे जातो ते ९ नोव्हेंबरला मीच लिहून ठेवलंय.

आईला काही बोललो नाही. तिला धक्का बसेल.

बुधवार, २७ डिसेंबर

दहा दिवस स्वतःला समजावलं. दुसराही चेकर दोन गाठी मारत असेल. दुसऱ्या लूमलाही तसे डाग पडत असतील.

आज टेम्पोवाला काळूराम माल भरायला आला. सगळ्यांसमोर म्हणाला, “काय दीपेश, भाऊ कधी आला रे? पेढं न्हाय काय न्हाय! वळला बघितला गोदामात. हाक मारली तर टोपीच खाली केली.”

मी म्हणालो, “तो मस्कतला आहे.”

“मंग माजा टेम्पो पन मस्कतला जाऊन आला म्हनायचा! पासपोर्टबिगर!”

सगळे हसले. मीही हसलो.

शुक्रवार, २९ डिसेंबर

सुट्टी. आईला सांगितलं, चप्पल शिवायला जातो. रिक्षाने वळला गेलो.

काळूरामने सांगितलेल्या गोदामासमोर चहाची टपरी आहे. तिथे खांबाला टेकून उभा राहिलो. फाटक सताड उघडं होतं, पण आतल्या काळोखात नजर बसायला बराच वेळ गेला. दादा आत, कापडाच्या गठ्ठ्यावर बसलेला. दाढी वाढलेली. पोट खपाटीला गेलंय. मला वाटलं होतं ओरडेन. हातातली तुटकी चप्पल घट्ट धरून उभा राहिलो.

मग त्याने कॅमेरा काढला.

चपला काढून भिंतीशी ठेवल्या. एक जरा तिरकी केली. भिंतीवर मराठी कॅलेंडर होतं, ते खिळ्यावरून उतरवून पालथं ठेवलं. खाली पेपर पडला होता, तो पायाने बाजूला सारला. खोक्यावर ‘भिवंडी’ लिहिलेलं, खोका फिरवला. कॅमेऱ्यातून बघितलं. थांबला. उठून बिडीच्या पाकिटाचा कागद उचलला. परत बघितलं.

आधी कडा, मग मधलं! मी शिकवलेलं. आठ दिवस जांभया देत होता आणि शब्दन् शब्द ऐकत होता.

हाक मारली नाही. चहा न पिताच परत आलो.

संध्याकाळी सायबरमध्ये नंबर ८७. दोन चपला, एक जरा तिरकी, कोरी भिंत. वेळ दुपारी १२.५२. मजेत.

छापून आणला, चिकटवला. आईला दाखवला. ती म्हणाली, “नव्या घेतल्यान वाटतं चपला.”

सोमवार, १ जानेवारी २००७

नंबर ९०. ताट. डाळ, कांदा, तांदळाची भाकरी.

आईच्या उजव्या हाताचं मधलं बोट वाकत नाही. मी लहान असताना जात्याखाली सापडलं होतं. तिने थापलेल्या भाकरीच्या कडेला एका जागी चपटं येतं, चंद्र कापल्यासारखं. आयुष्यभर मी तेवढा तुकडा आधी मोडतो.

फोटोतल्या भाकरीला तो आहे.

मावशीचे गुडघे! आठवड्यातून दोनदा! आणि मच्छर — मी तिला मच्छर समजावून सांगत होतो! तिला तिथले मच्छर जाईल तेव्हा चावत असतील. ती ऐकून घेत होती.

दादाचं समजू शकतो. नाही, तेही समजू शकत नाही. पण रोज जेवणानंतर अल्बम घेऊन माझ्याशेजारी बसायची ती. बोट ठेवून विचारायची, “ह्ये काय हाय?” मी सांगायचो. नव्वद दिवस. त्यातले निम्म्याहून जास्त दिवस ती मला दादाचं खोटं वाचून दाखवायला लावत होती.

मंगळवार, २ जानेवारी

आज ताटातली भाकरी तिच्यासमोर ठेवली. शेजारी नंबर ९०. 

ती चुलीकडे तोंड करून बसली. मग बोलली ते जसंच्या तसं लिहितो.

“दिवाली झाल्यावर धाडला त्याला परत. कापड बघाया येईना. डाग दिसंना त्याला. सायब म्हनला, तुला कोनी पास केला?”

“मला का नाही सांगितलं?”

“तुला कोन सांगनार? तुजी जागा घेऊन गेला आन घालवून आला. ह्ये तुझ्या तोंडावर कोनच्या तोंडानं सांगनार?”

“तू सांगायचं.”

“तू रातभर घरात फेऱ्या मारल्या असत्यास. चार दिसांनी तापानं पडला असतास. मी तुला वलखत न्हाय व्हय? तो म्हनला, आई, शंभर झालं की घरी येतो. शब्द दिलाय भावाला, शंभर पुरं करतो आन मंगच तोंड दाखवतो.”

शब्द दिलाय! कोरी भिंत शोधून शोधून शब्द पाळतोय!

मी म्हणालो, मी वळला जाऊन त्याला बघून आलोय. चपलांचा फोटो काढताना. आई दचकली. “त्याला म्हाईत हाय?”

“नाही. आणि तू सांगायचं नाहीस. बालाजीची शपथ घे.”

तिने घेतली. उरलेले दहा येऊ देत. मला बघायचंय, तो मला कुठवर फसवतो. आता एक गोष्ट तरी अशी आहे जी मला ठाऊक आहे आणि त्याला नाही. सात वर्षं दुसऱ्यांचे दोष काढले, पण असा समाधानाने कधी बसलो नव्हतो.

समाधान खोटं आहे. भूक नाही.

शुक्रवार, ५ जानेवारी

९४. बादली. मजेत.

त्या साहेबाला डाग दाखवायला मी तिथे असतो तर! एकही सुटला नसता.

सोमवार, ८ जानेवारी

९७. कुलूप. मी सांगितलेल्या यादीत होतं ते. यादी त्याने जपून ठेवलेली दिसते.

आई आज मावशीकडे गेली नाही. भाकऱ्या थापल्या आणि फडक्यात बांधून तशाच ठेवल्या. माझ्याकडे बघत होती. मी कामावर गेलो.

बुधवार, १० जानेवारी

९९. रिकामी खाट, गुंडाळलेली वळकटी. उद्या शेवटचा. परवा तो दारात उभा राहील, बॅगेला मस्कतची चिठ्ठी तशीच असेल, आणि मी म्हणेन — ये, कसा झाला प्रवास? वाक्य पाठ केलंय. आवाज कापता कामा नये.

गुरुवार, ११ जानेवारी

नंबर १००.

टपरीचा खांब. खांबाला टेकलेला एक माणूस, मान पुढे काढून बघतोय. निळा शर्ट, वरचं बटण लावलेलं. हातात तुटकी चप्पल.

मी.

खाली ‘मजेत’ नाही. काहीच नाही.

कोपऱ्यात केशरी आकडे — २९.१२.०६, १२.४०.

८७ काढून शेजारी ठेवला. चपला, कोरी भिंत. १२.५२.

आधी मी. मग बारा मिनिटांत कॅलेंडर उतरवलं, खोका फिरवला, कागद उचलला.